काळी टिकली

टीव्हीचा रिमोट किंवा मुलांचा हातातला व्हिडिओ गेम ज्यांनी एकदा तरी उघडून पाहिला आहे, त्यांना ती टिकली माहीत असणार. वरचं प्लास्टिकचं बटण बाजूला केलं की खाली मऊ रबराचा एक अखंड तुकडा दिसतो. प्रत्येक बटणाच्या जागी त्याला फुगवटा असतो. रबर उलटा केला की त्या फुगवट्याच्या पोटात चार-पाच मिलिमीटरची एक काळी, चपटी टिकली दिसते. दुरुस्तीवाले तिला नुसतं ‘कार्बन’ म्हणतात. ‘कार्बन गेलाय’ एवढं ते बोलले की निदान झालं.

गेमचं बटण चालेनासं होतं तेव्हा बहुतेक वेळा गेलेली असते ती ही टिकलीच. चिप शाबूत असते, पडदा शाबूत असतो, स्पीकरही वाजत असतो. तरी अख्खा गेम माळ्यावर जातो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या पोत्यात. हे मला मनापासून लागतं. म्हणून ही दुरुस्ती घरच्या घरी कशी होते ते इथे तपशीलवार लिहितो आहे, आणि ती इतकी अडचणीची का करून ठेवली आहे तेही.

पण आधी या कार्बनबद्दल. कर्जतला राहणाऱ्याला त्याची थोरवी स्टेशनवर उभ्या उभ्या कळू शकते. पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, प्रवासी वडापावसाठी उतरतात आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं लागतात. हे बँकर. पुढे बोरघाट आहे. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. त्याचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. एका इंजिनाच्या ओढीवर भरलेली गाडी हा चढ चढत नाही, मागून रेटा लागतो. या इंजिनाच्या डोक्यावरचा पॅन्टोग्राफ वरच्या तारेला घासत जातो, आणि तारेला प्रत्यक्ष टेकते ती कार्बनची पट्टी. जुन्या धाटणीच्या इंजिनांमध्ये खाली चाकांजवळ डीसी मोटर असते. तिच्या फिरत्या तांब्याच्या भागावर वीज पोचवणारे ठोकळेही कार्बनचेच. त्यांना ब्रश म्हणतात.

कार्बन तिथे का? तो वीज वाहतो, स्वतःच स्वतःला वंगण देतो, ठिणगी पडली तरी तांब्याला चिकटून बसत नाही. आणि मुख्य म्हणजे तो झिजतो. मैलोन्‌मैल पसरलेली तांब्याची तार झिजण्यापेक्षा हातभर लांबीची पट्टी झिजलेली बरी, असा हा रोकडा हिशेब आहे. रेल्वेत पट्टीची जाडी ठरावीक मुदतीने तपासतात, मर्यादेखाली गेली की बदलतात. पट्टी झिजली म्हणून इंजिन भंगारात काढल्याचं कोणी ऐकलं आहे का? खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. जुन्या जनित्रांतही असेच ब्रश असत, आणि ते बदलायचेच असतात हे तिथल्या कामगारांना पहिल्या दिवसापासून शिकवलं जाई. झिजणारा भाग वेगळा ठेवायचा, स्वस्त ठेवायचा आणि बदलता येईल असा ठेवायचा, हे शहाणपण आपल्या कर्जत-खालापूर परिसरात शंभर वर्षांहून जुनं आहे.

मुलांच्या हातातल्या गेममध्येही तोच कार्बन आहे, तोच न्याय आहे. फरक एवढाच की बनवणाऱ्याने टिकली बदलण्याची सोय ठेवलेली नाही.

आपल्याकडे हे गेम आले ते लाटेलाटेने. नव्वदच्या दशकात ब्रिक गेम आला. करड्या-काळ्या पडद्यावर वरून विटा पडायच्या, उजव्या अंगठ्याखाली विटा फिरवायचं एक मोठं गोल बटण असायचं आणि वेष्टनावर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं. जत्रेत मिळायचा, स्टेशनबाहेर मिळायचा, मुंबईहून येणारा काका घेऊन यायचा. दोन पेन्सिल सेलवर महिनोन्‌महिने चालायचा. पुढे भारनियमनाच्या काळात, रोज ठरलेल्या तासांना वीज जायची आणि टीव्ही बंद पडायचा, तेव्हा हा गेम घरात पाळीपाळीने फिरायचा. ब्रिक गेमच्याच सुमारास टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. त्यात कॅसेट घालायची, आणि सामुराईसारखी नावं त्यावर असायची. त्याच्या जॉयपॅडमध्येही हाच रबर. आखातात नोकरीला गेलेल्यांच्या बॅगेतून पीएसपी नावाचे गेम आले. आणि अलीकडची लाट म्हणजे ‘सुप’ नावाचा ‘४०० इन १’ गेम. तळहाताएवढा, रंगीत पडद्याचा, मारिओ आणि कॉन्ट्रा आत भरलेला. ऑनलाइन मागवला की तीन-चारशे रुपयांत घरपोच.

यातल्या बऱ्याच गेमांत डाव्या अंगठ्याखाली एक अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण असतं. त्याचा जनक गुनपेई योकोई. हा माणूस १९६५ साली जपानमधल्या निन्टेन्डो कंपनीत लागला, तेव्हा ती पत्ते बनवणारी कंपनी होती, आणि त्याचं काम होतं पत्ते छापणाऱ्या यंत्रांची देखभाल करणं. म्हणजे दुरुस्तीवालाच. बुलेट ट्रेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्याला दिसला आणि त्यातून खिशात मावणाऱ्या गेमची कल्पना सुचली, असं तो सांगत असे. १९८० साली ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला. १९८२ साली त्या मालिकेतल्या ‘डाँकी काँग’साठी योकोईने ते अधिकचं बटण केलं. १९८९ साली गेम बॉय आला, सोबत ‘टेट्रिस’ घेऊन. मॉस्कोत अलेक्सेई पाझितनोवने १९८४ साली रचलेला हा खेळ. आपला ब्रिक गेम त्याचीच नक्कल. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून अकरा कोटींहून जास्त नग खपले.

योकोईचं तत्त्व होतं की नवं, महागडं तंत्रज्ञान वापरू नका. जुनं, स्वस्त, सगळ्या बाजूंनी पारखलेलं घ्या आणि त्याचा नवा उपयोग शोधा. रबर आणि कार्बनची टिकली हे अगदी तसलंच तंत्र. म्हणूनच ते जगभर पसरलं आणि म्हणूनच ते कुणालाही समजण्याइतकं साधं आहे. खोपोली लोकलमध्ये मान खाली घालून बसलेली मुलं आज बहुतेक मोबाईलवर खेळतात. पण काचेवर बोट फिरवणं आणि बटण दाबणं यांत फरक आहे. रबराचा फुगवटा एका ठरलेल्या जोरापर्यंत प्रतिकार करतो आणि मग एकदम बसतो. ती ‘टक’ अंगठ्याला कळते, न बघता कळते. मुलांना ती आवडते यात नवल नाही.

आता आत काय घडतं ते बघू. हिरव्या पट्टीवर, म्हणजे पीसीबीवर, प्रत्येक बटणाखाली दोन वाटा असतात. फणीचे दात एकमेकांत घालावेत तशा त्या गुंतलेल्या असतात, पण एकमेकींना शिवत नाहीत. बटण दाबलं की टिकली त्या दोन्हींवर टेकते आणि वाट जोडली जाते. टिकली म्हणजे बारीक कार्बनची भुकटी दाबून भरलेलं सिलिकॉन रबर. कण पुरेसे दाट असले की एकाला एक लागून विजेला रस्ता मिळतो.

पण हा रस्ता तांब्याइतका सरळ नाही. नव्या टिकलीचा रोध शे-दोनशे ओहमच्या आसपास असतो. चिपच्या बाजूला एक रोधक जोडलेला असतो, उदाहरणार्थ दहा हजार ओहमचा, आणि तो त्या वाटेवरचा दाब तीन व्होल्टला धरून ठेवतो. बटण दाबलं की दाब खाली येतो. टिकली दोनशे ओहमची असेल तर तो सहा शतांश व्होल्टपर्यंत उतरतो आणि चिपला स्पष्ट कळतं की बटण दाबलं. टिकली झिजून तिचा रोधही दहा हजारावर गेला, की दाब दीड व्होल्टवरच अडकतो. तीनच्या बरोबर मध्ये. चिप कधी हो म्हणते, कधी नाही. जास्त जोर लावला तर टिकली जरा अधिक पसरून टेकते, रोध थोडा उतरतो आणि बटण लागतं. म्हणून मुलं जोरात दाबायला लागतात. जोरात दाबलं की टिकली आणखी झिजते.

झीज नुसत्या घासण्याने होत नाही. हाताचा घाम आणि तेल फटीतून आत उतरतं. सरबताचा थेंब, वेफर्सचं मीठ, धूळ. रबरातून स्वतःचंही किंचित तेल पाझरत राहतं आणि टिकलीवर अदृश्य थर धरतो. आणि आपल्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात कपाटातल्या चामड्यावर बुरशी येते, तिथे गेमच्या आतली तांब्याची वाट कोरडी कशी राहील? काही पट्ट्यांवर वाटा सोन्याच्या मुलाम्याच्या असतात, स्वस्त गेममध्ये तांब्यावर काळी कार्बनची शाई छापलेली असते. शाई गंजत नाही, पण खरवडली जाते.

माझी बहीण खोपोलीत शिळफाट्याला राहते. तिच्या मुलाचा ‘सुप’ बिघडला तेव्हा त्याने आल्या आल्या तक्रार मांडली, ‘मामा, मारिओ उडीच मारत नाही. खूप जोरात दाबलं तर मारतो, पण तोवर खड्ड्यात गेलेला असतो.’

निदान यापेक्षा नेमकं काय हवं? बाकी सगळी बटणं चालतात, म्हणजे बॅटरी आणि चिप ठीक. उडीचं ‘ए’ बटण जोर लावला तर लागतं, म्हणजे वाट तुटलेली नाही, रोध वाढलाय. आम्ही ओसरीवर, उजेडात, एक पांढरं पंचाचं कापड पसरून बसलो. पांढरं अशासाठी की बारीक स्क्रू पडला तर दिसतो.

पहिलं काम बॅटरी काढायचं. इथे या स्वस्त गेमचं कौतुक करायला हवं. त्यात बीएल-५सी बॅटरी असते, जुन्या नोकिया ११०० मध्ये असायची तीच. ती आजही मोबाईलच्या कोणत्याही दुकानात मिळते. मागचं झाकण नखाने सरकतं. स्क्रू साध्या चार पाकळ्यांचे. याउलट निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्स, स्विच अशा काही गेमांवर तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, आणि तो पेचकस हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही. मोबाईल दुरुस्तीच्या संचात मिळतो. साध्या पेचकसाने जबरदस्ती केली तर डोकं गुळगुळीत होतं आणि मग ड्रिलशिवाय इलाज उरत नाही.

स्क्रू काढताना कागदावर गेमची बाह्यरेषा काढून घ्यावी आणि जो स्क्रू जिथला तिथे कागदात टोचून ठेवावा. लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर समोरून प्लास्टिक फोडून बाहेर येतो. झाकण उघडताना झटका देऊ नये, स्पीकरच्या केसाएवढ्या बारीक तारा तुटतात.

रबर निघाला. टिकली बघितली तर ‘बी’ची मंद काळी होती, ‘ए’ची चकचकीत. चकाकी म्हणजे तेलाचा थर किंवा घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग. रबर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून बोटांनी हलकेच धुतला, साध्या पाण्यातून काढला, कापडावर पालथा ठेवून वाळवला. पेट्रोल, रॉकेल, थिनर यांच्याजवळही हा रबर नेऊ नये. सिलिकॉन त्यांनी फुगतो, मग तो पूर्वीच्या आकाराचा राहत नाही.

पट्टी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवं, ज्याला मोबाईलवाले आयपीए म्हणतात. सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं आणि ग्लिसरीन मागे राहतं. कानातल्या काडीचा कापूस आयपीएत भिजवून, निथळून, एकाच दिशेने पुसायचं. वाटा सोनेरी असतील आणि डाग जात नसेल तर शाळेतलं मऊ खोडरबर दोन-चारदा अलगद फिरवलं तरी चालतं. वाटा काळ्या असतील तर खोडरबर अजिबात नाही. ती शाई आहे, पुसली की गेली. भाच्याने काडी फिरवली आणि कापूस तपकिरी झाला. ‘एवढी घाण माझ्या हाताची?’ असं त्याने विचारलं आणि पुढचा अर्धा तास तो फार काळजीपूर्वक वागला.

बऱ्याच गेमांची दुरुस्ती इथेच संपते. जोडा, लावा, चालू. त्याच्या ‘ए’ बटणाचं तसं झालं नाही. मल्टिमीटरच्या दोन सुया टिकलीच्या दोन कडांना अलगद टेकवल्या. ‘बी’ची टिकली काहीशे ओहम दाखवत होती. ‘ए’ची काही हजारांत होती आणि आकडा ठरत नव्हता.

आता तीन रस्ते असतात.

पहिला पेन्सिलीचा. शिसपेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, म्हणजे कार्बनच. एचबी पेन्सिलीत चिकणमाती जास्त, म्हणून रोध जास्त. चित्रकलेची ८बी पेन्सिल घ्यावी. टिकलीवर पेन्सिल गोलाकार फिरवायची, भुकटी फुंकर मारून उडवायची. भुकटी वाटांच्या मध्ये पडली तर बटण कायमचं दाबलेलं राहतं. हा उपाय लगेच लागू पडतो, पण टिकत नाही. थोड्या दिवसांत ग्रॅफाइट उतरतं. परीक्षा झाल्यावर नवा रबर आणू, तोवर भागवू, अशा वेळी तो ठीक.

दुसरा चांदीच्या कागदाचा. चॉकलेटचा किंवा सिगारेटच्या पाकिटातला वर्ख गोल कापून टिकलीवर चिकटवतात. मुलांना हा फार माहीत असतो. मी तो सुचवणार नाही. ॲल्युमिनियमवर न वाहणाऱ्या ऑक्साइडचा थर बसतो, आणि कापलेली कड काळ्या शाईच्या वाटा ओरखडते. मग जी पट्टी शाबूत होती तीही जाते.

तिसरा रस्ता खरा: टिकलीच बदलायची. घरात एक तरी मेलेला रिमोट असतोच. त्याच्या रबरातली एखादी कमी वापरातली टिकली, म्हणजे जे बटण कोणी कधी दाबत नाही त्याखालची, जवळजवळ कोरी असते. धारदार ब्लेडने ती रबराच्या पातळ थरासकट काढायची. इकडे जुनी टिकली तेवढ्याच जाडीने छाटायची. जाडी जुळणं हा सगळ्यात नाजूक भाग आहे. नवी टिकली अर्धा मिलिमीटर जरी जाड झाली तरी बटण न दाबता वाटांना शिवते आणि मारिओ आपोआप उड्या मारत सुटतो. पातळ झाली तर अंगठा खोल रुतवावा लागतो. म्हणून छाटायचं, बसवून बघायचं, पुन्हा छाटायचं.

चिकटवायला फेव्हिक्विक चालत नाही, सिलिकॉनला ते धरतच नाही. सिलिकॉनच चिकटवलं पाहिजे. मात्र बाजारातल्या ज्या नळीला व्हिनेगरचा वास येतो ती घेऊ नये. वाळताना ती ॲसेटिक ॲसिड सोडते आणि बंद डबीत ते तांब्याला खातं. ‘न्यूट्रल क्युअर’ असं लिहिलेली नळी मागावी. टाचणीच्या टोकाने एक ठिपका लावायचा आणि एक रात्र वाळू द्यायचं. कडेने ओघळ आला तर तो टिकलीच्या तोंडावर पसरतो, आणि ते वीज अडवतं.

अधिकच्या बटणाची गोष्ट आणखी नाजूक. त्याच्या पोटात मधोमध एक उंचवटा असतो, बटण त्यावर डोलतं. त्यामुळे डावं आणि उजवं एकाच वेळी दाबलं जात नाही. पुष्कळ जण टिकली झिजली की रबराखाली कागदाची चकती सारून उंची वाढवतात. त्याने डोलणं बिघडतं. उजवीकडे दाबलं तर वरचंही लागतं. चकती सारू नये, टिकलीच बदलावी.

दुसऱ्या दिवशी जोडणी. प्लास्टिकमधला स्क्रू पुन्हा बसवताना आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात पडताना तो हाताला हलकासा खाली बसलेला जाणवतो, मग सुलटा आवळायचा. थेट आवळला तर तो नवे आटे पाडतो आणि तीन-चार दुरुस्त्यांत भोक ढिलं होतं. भाच्याला हे एवढं आवडलं की त्याने प्रत्येक स्क्रू स्वतः लावला, कान लावून.

ब्रिक गेमबद्दल एक वेगळी सूचना. त्यात टिकलीआधी सेलची खोबणी बघावी. साध्या पेन्सिल सेलचं जस्ताचं भांडं हेच त्याचं इंधन असतं. ते झिजत झिजत भोक पडतं आणि आतला द्रव बाहेर येतो. पावसाळाभर सेल आत राहिले की स्प्रिंगवर पांढरी-हिरवी खपली धरते. ती लाकडी काडीने खरवडावी, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून कापसाने पुसावं, मग आयपीए. स्प्रिंग गेलीच असेल तर दुसऱ्या खेळण्यातली डाग देऊन लावता येते. आणि जूनच्या आधी सेल काढून ठेवावेत, एवढं केलं तर हे सगळं लागत नाही.

हे काम दुकानात का होत नाही? कर्जत स्टेशनजवळच्या एका मोबाईलवाल्याने मला सरळ सांगितलं, ‘दादा, साफ करून देतो मी. पण त्याला अर्धा तास जातो आणि रबर कुठे मिळत नाही. शंभर रुपये सांगितले की गिऱ्हाईक म्हणतं, नवाच तीनशेला येतो. मग मी कशाला उघडू?’ त्याचं चुकत नाही. त्याच्या अर्ध्या तासात मोबाईलचे दोन चार्जिंग पोर्ट बदलून होतात. अडचण त्याच्या कसबाची नाही, सुट्या भागाची आहे.

सुटे भाग मिळतात ते मुंबईला लॅमिंग्टन रोडवर. कर्जतहून लोकलने जवळजवळ दोन तास, दादरला उतरून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, तिथून चालत. किंवा घाट चढून पुण्याला, बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात. वीस-तीस रुपयांच्या रबरासाठी अख्खा दिवस आणि दोन वेळचं तिकीट. खालापूरच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या बापाने हा दिवस कुठून काढायचा? ज्याच्या घरी वाया घालवायला पैसे कमी, त्यालाच दुरुस्ती महाग पडते आणि नवीन वस्तू स्वस्त. हा अन्याय आहे, आणि तो गेमपुरता नाही.

मोठ्या कंपन्यांच्या महाग वस्तूंचंही फार वेगळं नाही. निन्टेन्डोचा स्विच २०१७ साली आला. त्याच्या जॉय-कॉन नावाच्या हँडलमधली दांडी आपोआप सरकू लागते, बोट नसताना माणूस पडद्यावर चालायला लागतो, अशा तक्रारी जगभरातून आल्या. अमेरिकेत खटले झाले. २०२० साली कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. त्या दांडीच्या बुडाशीही कार्बनचा पातळ मार्ग असतो आणि त्यावर धातूची पाती घासते. झीज होणारच होती. चुंबकावर चालणाऱ्या, न घासणाऱ्या दांड्या अस्तित्वात आहेत, त्या वापरता आल्या असत्या, किंवा निदान घासणारा भाग चिमट्याने काढून नवा बसवता यावा अशी रचना करता आली असती.

कायद्याची चाकं थोडी हलली आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काबद्दल समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं त्यात घेतली. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांच्या यादीत खेळणी आणि व्हिडिओ गेमही आले, म्हणजे वस्तू टाकाऊ झाल्यावर बनवणाऱ्याची जबाबदारी ठरली. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरीवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे असा नियम लागू होतो आहे. आपल्या तीनशे रुपयांच्या चिनी गेममध्ये ती आजही नखाने निघते, हे मला महत्त्वाचं वाटतं. चांगली रचना महागच असते असं नाही.

पण टिकलीबद्दल अजून कोणताच नियम बोलत नाही. मागणी फार मोठी नाही. रबरावर त्याचा क्रमांक छापलेला असावा, तो क्रमांक सांगितला की तालुक्याच्या दुकानात रबर मागवता यावा, आणि निदान पाच वर्षं तो बनवला जावा. सायकलच्या ब्रेकच्या रबराबाबत आणि मिक्सरच्या कार्बन ब्रशबाबत हे होतं. खोपोलीच्या बाजारात मिक्सरचे ब्रश टांगलेले असतात, जोडीने मिळतात. व्हिडिओ गेमचा रबर तिथे त्यांच्या शेजारी टांगायला काही हरकत नाही.

तोवर ज्यांना मुंबईला जायचंच आहे त्यांच्यासाठी. जुना रबर सोबत न्यावा, फोटो चालत नाही. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन गेमांच्या आत रबराची भोकं वेगळ्या जागी असतात. काउंटरवर ठेवून एकावर एक धरून बघावा, फुगवटा फुगवट्यावर आणि भोक भोकावर बसलं पाहिजे. टिकलीची चमक उजेडात तपासावी, मंद काळी असली तरच घ्यावी. आणि घेताना दोन घ्यावेत.